गळ टाकण्यापूर्वी : कामशेत परिसरातील गोड्या पाण्यातील मासेमारी

पुणे-लोणावळा लोहमार्गावर कान्हे आणि मळवली या दोन स्थानकांच्या दरम्यान कामशेत हे मावळ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव वसलेले आहे. गावाच्या कडेने इंद्रायणी वाहते. उत्तरेस नाणे मावळ व त्यापलीकडे आंदर मावळ आहे. दक्षिणेकडील डोंगररांग ओलांडली की पवन मावळ लागते. या खोऱ्यांतून वाहणाऱ्या नद्या अडवून गेल्या शंभर वर्षांत लहानमोठी धरणे बांधली गेली. त्यामुळे कामशेतहून सकाळी निघून सायंकाळी परत यावे, एवढ्या अंतरात नदीचे डोह, धरणाचा फुगवटा, बंधाऱ्यामागचे संथ पाणी आणि गावतळी असे पाण्याचे अनेक प्रकार पाहावयास मिळतात.

पुणे, तळेगाव व लोणावळा येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांना या पाण्याचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक आहे. एक काठी, थोडी दोरी, एक गळ आणि कणकेचा गोळा एवढ्या साहित्यावर सुरू होणारा हा छंद फारसा खर्चिक नाही. निरीक्षणाची सवय आणि संयम हे दोन्ही गुण त्यातून अंगी बाणतात. मात्र या छंदाकडे वळणारा विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतो : मासे कोठे मिळतात? हा प्रश्न अपुरा आहे. पाणी कोणाचे आहे, त्यात मासा कोणता आहे आणि ऋतू कोणता आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात. पुढील वर्षी त्याच डोहात मासे शिल्लक राहतील की नाही, हे त्या उत्तरांवर अवलंबून असते. कित्येकदा गळ टाकणाऱ्याचा जीवही त्यांवरच अवलंबून असतो.

खोऱ्यांची रचना

इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात होतो. कामशेत, तळेगाव, देहू, आळंदी असा प्रवास करून ती तुळापूर येथे भीमेस मिळते आणि भीमेचे पाणी पुढे कृष्णेस जाते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे जावे तसे हे प्रमाण झपाट्याने घटते. साहजिकच या नद्या चार महिने दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांचे रूपांतर डोहांच्या साखळीत होते. नदीतील माशांचे जीवनचक्र याच चढउताराशी जुळलेले आहे.

पाण्याचा हा साठा वापरण्याचा पहिला मोठा प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. टाटा उद्योगसमूहाने लोणावळा, वलवण व शिरवटा येथे तलाव बांधले आणि त्यांचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू केली. आंदर मावळातील आंद्रा नदीवर ठोकळवाडी धरण झाले आणि त्याच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी धरणे बांधली. पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे साडेआठ अब्ज घनफूट असून पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः हेच धरण भागवते. नाणे मावळात कुंडली किंवा कुंडलिका नदीवर वडिवळे धरण आहे, तर आंद्रा नदीवर खालच्या बाजूस आंद्रा धरण आहे.

माशांची ओळख

या परिसरातील मासे हे कृष्णा खोऱ्यातील मासे होत. मळ्या, कोळस, बोगट, महाशीर, वाम, शिंगाडा, मरळ आणि खवल्यांचे अनेक लहान मासे येथे मूळचे राहणारे आहेत. त्यांच्या शास्त्रीय नावांमागे एक रंजक इतिहास आहे. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८२४ पासून काही वर्षे दख्खनचे सर्वेक्षण केले आणि येथील माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. नव्या माशांना नावे देताना त्याने अनेक ठिकाणी मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिन वळणाने स्वीकारली. मळ्याचे ‘मुल्या’, कोळसचे ‘कोलस’, बोगटचे ‘बोगट’ झाले. दख्खनच्या महाशीरास त्याने ‘खुद्री’ हे नाव दिले. हा महाशीर त्याला पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळाला होता. येथील भोई-कोळ्यांचे ज्ञान अशा रीतीने जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही नावे पुस्तकातून पाठ करण्याआधी नदीकाठच्या वृद्धांकडून ऐकावीत, हे अधिक फलदायी ठरेल.

धरणांच्या जलाशयांत मात्र गळाला लागणारा मासा बहुधा निराळा असतो. रोहू, कटला आणि मृगळ हे तीन प्रमुख कार्प मासे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे आहेत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांना अंतःस्रावाची टोचणी देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणण्यात यश आले. तेव्हापासून मत्स्यबीज विपुल प्रमाणात तयार होऊ लागले आणि देशभरातील तलावांत ते सोडणे शक्य झाले. सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे मासे परदेशातून आले. चिलापी म्हणजे तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतील मासा असून तो आता अनेक नद्यांत व तळ्यांत आपोआप वाढतो. तो वर्षातून अनेक वेळा वितो व पिलांचे रक्षण करतो. त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते आणि स्थानिक लहान माशांना अन्न व जागा अपुरी पडते.

गळ टाकणाऱ्याने हा भेद ओळखणे अगत्याचे आहे. चिलापी पकडल्याने नदीचे काही बिघडत नाही. उलट पकडलेला चिलापी पुन्हा पाण्यात सोडू नये, हेच योग्य. मरळीची गोष्ट वेगळी आहे. नर व मादी दोघेही घरट्याची आणि लालसर पिलांच्या थव्याची राखण करतात. अशा वेळी पिलांभोवती फिरणारी मोठी मरळ गळाला लागली, तर सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

कोठे काय आढळते

कामशेतजवळचे इंद्रायणीचे पात्र हे नवशिक्यासाठी उत्तम पाठशाळा आहे. खडकाळ उतारावरून पाणी खळाळत येऊन डोहात शिरते, त्या तोंडाशी प्रवाहाबरोबर वाहत आलेले किडे व वनस्पतींचे तुकडे टिपण्यासाठी मासे थांबलेले असतात. मळ्यासारखे मासे खडकावरील शेवाळ खरवडून खातात, वाम दगडांच्या कपारीत दडते, तर मरळ काठच्या गवतात संथ पाण्यात राहते. उन्हाळ्यातही या पात्रात पाणी दिसते, त्यास एक कारण वडिवळे धरणातून सिंचनासाठी आणि आळंदीच्या वारीसाठी सोडले जाणारे पाणी हे होय. म्हणूनच कोरड्या ऋतूतही पाण्याची पातळी अनपेक्षितपणे वाढू शकते.

नाणे मावळात वडिवळे धरणाचा फुगवटा उकसान गावाच्या परिसरात पसरला आहे. येथे उथळ, गवताळ किनारा आणि खोल पाणी जवळजवळ असल्याने एकाच ठिकाणी निरनिराळ्या सवयींचे मासे मिळतात. पावसाळ्यानंतर पाणी नितळ झाले की ऑक्टोबरपासून येथील निरीक्षणास योग्य काळ सुरू होतो.

पवना जलाशयाकडे जाण्यासाठी कामशेतहून पवनानगरचा रस्ता आहे. बेडसे लेण्यांच्या डोंगराजवळून तो पवन मावळात उतरतो. जलाशय विस्तीर्ण असल्याने वारा सुटला की लाटा उठतात. वाऱ्याच्या दिशेने ज्या काठाकडे लाटा लोटल्या जातात, तेथे तरंगणारे खाद्य जमा होते आणि मासेही त्याच बाजूला येतात. किनाऱ्यालगत पर्यटकांची वर्दळ वाढल्यामुळे शांत जागा शोधावी लागते.

आंदर मावळात कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुकमार्गे जाता येते. तेथील आंद्रा नदी ही एकाच नदीवर दोन धरणे असली म्हणजे काय होते, हे समजून घेण्याचे चांगले उदाहरण आहे. वरच्या ठोकळवाडीचे पाणी वीज निर्माण करून पश्चिमेस कोकणात जाते. खालच्या धरणाचे पाणी पूर्वेस भीमेच्या खोऱ्यात राहते. माशांना मात्र या दोन्ही भिंती ओलांडता येत नाहीत.

लोणावळा, वलवण, शिरवटा आणि ठोकळवाडी हे तलाव वीज कंपनीच्या ताब्यात आहेत. तेथे कंपनीच्या परवानगीवाचून काठाला जाणे वा गळ टाकणे उचित नाही.

देहू येथील इंद्रायणीचा डोह मासेमारीच्या यादीत धरू नये. भाविक तेथे माशांना खाऊ घालतात आणि परंपरेने त्यांना कोणी मारीत नाही. विद्यार्थ्याने तेथे गळ न नेता वही घेऊन जावे.

पाणी कोणाचे?

वाहती नदी सर्वांची, असा समज रूढ आहे. मासेमारीच्या संदर्भात तो पूर्णतः खरा नाही. धरणाचा जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. त्यातील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिला जातो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत घेऊन सोडते आणि वर्षभर राखण करते. म्हणजे जलाशयातील रोहू वा कटला हा रानातला मासा नसून कोणाची तरी गुंतवणूक असते. परवानगी न घेता तो पकडणे हे दुसऱ्याच्या शेतातील कणसे तोडण्यासारखेच होय. संस्थेच्या सचिवास भेटून परवानगी मागितली तर छंद म्हणून एका गळाने मासे धरण्यास क्वचितच नकार मिळतो, आणि कोठे जाळी लावली आहेत हेही समजते.

नदीकाठी परिस्थिती अधिक नाजूक आहे. मावळातील कातकरी, ठाकर व महादेव कोळी कुटुंबांपैकी अनेकांच्या ताटातील मासा आजही ओढ्यानदीतूनच येतो. ज्या डोहावर एखादे कुटुंब नेमाने मासे धरते, तेथे सुटीच्या दिवशी दहा-वीस तरुणांनी गर्दी केली, तर एकाचा विरंगुळा दुसऱ्याच्या भाकरीच्या आड येतो. जागा निवडण्यापूर्वी गावात विचारपूस करणे हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही.

कायद्याची काही बंधने सर्वत्र सारखीच लागू आहेत. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानुसार पाण्यात स्फोटके फोडून वा विष कालवून मासे मारणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमही लागू आहे. सुरुंगाची दारू, विषारी भुकटी किंवा विजेचा प्रवाह यांनी मारलेल्या माशांपैकी थोडेच हाती येतात. उरलेले पिल्लांसह, खेकड्यांसह व किड्यांसह तळाशी कुजतात. त्या डोहाचे पाणी गुरे पितात आणि पुष्कळदा माणसेही पितात. थाई मांगूर या मांसाहारी परदेशी माशाच्या संवर्धनावर व विक्रीवरही बंदी आहे. हौसेखातर आणलेला असा मासा नदीत सोडणे ही त्या नदीची कायमची हानी ठरते.

चढणीच्या माशांचा प्रश्न

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि ओढ्यांना गढूळ पाणी आले, की खेड्यापाड्यांतून लोक टोपल्या, काठ्या आणि जाळी घेऊन बाहेर पडतात. या दिवसांत मासे प्रवाहाच्या उलट दिशेने, नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरांत चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ते सहज हाती लागतात आणि त्यांची चवही वाखाणली जाते. शहरातून येणाऱ्या तरुणांनाही या दिवसांचे मोठे आकर्षण असते.

हे मासे वर का चढतात, याचे उत्तर समजले की त्यांना सोडून देण्याचे कारणही समजते. उथळ, ताजे, प्राणवायूने भरलेले पाणी अंडी उबण्यास अनुकूल असते आणि तेथे मोठे भक्षक माशांचे भय कमी असते. म्हणजे चढणीला लागलेली जवळजवळ प्रत्येक मादी अंड्यांनी भरलेली असते. अशी एक मादी पकडली असता हजारो अंडी त्याच दिवशी नष्ट होतात. हिवाळ्यात तोच मासा धरला, तर त्याने आपली वीण पूर्ण केलेली असते. मासा तोच, वजनही जवळपास तेच; परंतु नदीवर होणारा परिणाम सर्वस्वी निराळा.

पूर्वी चढणीचे मासे धरले जात होते, तरी नदी टिकून होती, असा युक्तिवाद केला जातो. त्या काळी धरणे नव्हती, सलग नदी मोकळी होती, जाळी सुताची व मोठ्या आसाची होती आणि धरणारी माणसे गावापुरतीच होती. आज धरणाच्या भिंतींनी आणि बंधाऱ्यांनी नदीचे तुकडे झाले आहेत. एका तुकड्यातील वीण खुंटली, तर खालून नवे मासे तेथे येऊ शकत नाहीत. नायलॉनच्या बारीक जाळ्यातून बोटाएवढे पिल्लूही सुटत नाही. शिवाय लोणावळ्यापासून आळंदीपर्यंत नदीत मिसळणारे सांडपाणी आहेच. आळंदीजवळ पाण्यावर तरंगणारा फेस अलीकडच्या वर्षांत वारकऱ्यांनी वारंवार पाहिला आहे. इतक्या भारांखाली असलेल्या नदीला विणीचे दोन-तीन महिने मोकळे ठेवणे, हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय. जून ते ऑगस्ट या काळात छंदी मासेमाराने गळ गुंडाळून ठेवावा. ज्यांचे पोट नदीवर अवलंबून नाही, त्यांनी हा नियम स्वतःहून पाळणे न्याय्य ठरते.

महाशीराचा धडा

या परिसराचा मत्स्यजगतातील खरा लौकिक महाशीरामुळे आहे. निळसर परांचा हा भक्कम मासा प्रवाहाविरुद्ध झेपावण्यात वाकबगार असतो आणि त्यामुळे गळाने मासे धरणारांना तो विशेष प्रिय आहे. त्याची वीण मात्र मंद असते. रोहूसारख्या कार्प माशाची मादी लाखांच्या संख्येने अंडी घालते. महाशीराची मादी त्या मानाने फारच थोडी आणि तीही टप्प्याटप्प्याने घालते. अंडी जड असल्याने ती वाळूगोट्यांच्या तळाशी बसतात. त्यांवर गाळ साचला वा पाणी एकाएकी ओसरले, तर ती वाया जातात.

ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्याच्या तलावांत महाशीराच्या विणीचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. पावसाळ्यात तलावास मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी विणीस आलेले मासे धरून, त्यांची अंडी हाताने काढून व फलित करून पिल्ले वाढवण्याची पद्धत तेथे विकसित झाली. अनेक हातांच्या दीर्घ परिश्रमाने टाटांच्या वलवण येथील केंद्राने पुढील दशकांत महाशीराचे बीज देशाच्या अनेक राज्यांना पुरवले. नष्ट होऊ पाहणारा मासा माणसाच्या प्रयत्नाने सावरता येतो, हे लोणावळ्याने दाखवून दिले.

याच प्रयत्नाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. लोणावळ्याचे निळसर परांचे महाशीर दक्षिणेत कावेरी नदीतही सोडण्यात आले. कावेरीत तिचा स्वतःचा, वशिंड असलेला महाशीर होता. पुढे निळसर परांचा मासा तेथे वाढत गेला आणि मूळचा मासा विरळ होत गेला. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या मूळ माशाची नेमकी ओळख पटवून त्याचे ‘टोर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव निश्चित केले, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. नदीतील बदल, अवैध मासेमारी व बाहेरून आलेला भाऊबंद ही सर्व कारणे त्यामागे असल्याचे अभ्यासक मानतात. एका नदीत जो मासा संरक्षणास पात्र असतो, तोच दुसऱ्या नदीत उपद्रवी ठरू शकतो. म्हणून ‘नदीत मासे सोडणे’ हे प्रत्येक वेळी पुण्याचे काम असतेच असे नाही. कोणते बीज, कोणत्या पाण्यात, हे तज्ज्ञांस विचारूनच ठरवावे.

संरक्षणाचा सर्वांत जुना मार्ग लोकांनीच घालून दिला आहे. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. देवीच्या श्रद्धेमुळे तेथील महाशीर कोणी मारीत नाही आणि लोक त्यांना खाद्य घालतात. एकाही रखवालदारावाचून पिढ्यान्‌पिढ्या हा डोह राखला गेला आहे.

गळाचे साधे शास्त्र

मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाण्याचे तापमान आणि त्यात विरघळलेला प्राणवायू यांवर त्याची भूक अवलंबून असते. उन्हाळ्यात दुपारी वरचे पाणी तापते व त्यातील प्राणवायू कमी होतो, म्हणून मासे खोल पाण्यात किंवा सावलीत जातात; पहाटे व सायंकाळी ते काठाशी येतात. कडाक्याच्या थंडीत कार्प माशांची भूक मंदावते, तेव्हा उन्हे वर आल्यानंतरचा काळ अधिक बरा. ढगाळ हवा व हलका वारा असला की मासे काठाजवळ निर्धास्तपणे वावरतात.

गळाचा आकार माशाच्या तोंडाला साजेसा असावा. लहान माशांसाठी मोठा गळ निरुपयोगी, तर फार लहान गळ मासा गिळून टाकतो आणि त्याच्या आतड्याला इजा होते. कार्प माशांना कणकेचा गोळा, वामीस व शिंगाड्यास गांडूळ हे आमिष पुरेसे होते. सोडून द्यावयाचा मासा ओल्या हाताने धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो व त्यास रोग जडतो. महाशीर लागल्यास तो पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि सोडून द्यावा. घरी नेण्यासाठी एका कुटुंबाच्या जेवणापुरते मासे पुरेसे मानावेत. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नये. तीत पाणपक्ष्यांचे पाय अडकतात आणि ती वर्षानुवर्षे कुजत नाही.

जीविताची काळजी

मावळचे पाणी दिसते त्याहून अधिक धोक्याचे आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात अचानक वाढलेल्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. या दोन्ही घटना पावसाळ्याच्या आरंभी घडल्या. विणीसाठी नदी मोकळी ठेवण्याचा जो काळ, तोच माणसासाठीही सर्वांत धोक्याचा काळ आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कुंडमळ्यासारख्या ठिकाणी प्रवाहाने खडकात खोल रांजणखळगे कोरले आहेत. वरून पाणी गुडघाभर वाटते आणि पुढचे पाऊल पुरुषभर खोलात पडते. धरणाच्या काठी पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ वरून वाळलेला व आतून मऊ असतो. धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी भोंगा वाजवला जातो; तो ऐकताच साहित्य सोडून काठ चढावा. एकट्याने जाऊ नये, कोठे जात आहोत हे घरी सांगून जावे, अडकलेला गळ काढण्यासाठी पाण्यात उतरू नये. कोणी बुडत असल्यास पोहण्याचा सराव नसताना उडी न घेता दोरी, काठी किंवा रिकामा बंद डबा फेकावा आणि ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था व मावळातील वन्यजीव रक्षक संस्थेचे कार्यकर्ते अशा प्रसंगी शोध व बचावाचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. परंतु त्यांना बोलावण्याची वेळच येऊ न देणे श्रेयस्कर.

पंचायती आणि शाळा काय करू शकतील?

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अकरावे परिशिष्ट समाविष्ट झाले. पंचायतींकडे सोपवता येतील अशा विषयांच्या त्या यादीत मत्स्यव्यवसाय हा पाचवा विषय आहे. नदीकाठच्या ग्रामपंचायतीस त्यामुळे या प्रश्नात लक्ष घालण्याचे निमित्त शोधावे लागत नाही. गावाच्या हद्दीतील एखादा बारमाही खोल डोह ग्रामसभेच्या ठरावाने राखीव मानता येईल. उन्हाळ्यात सारे पात्र आटते तेव्हा मासे अशाच डोहात तग धरतात आणि पावसाळ्यात तेथूनच सर्वत्र पसरतात. एक डोह राखला, तर त्याचा लाभ वरच्या-खालच्या अनेक गावांना होतो. ज्या कुटुंबांची उपजीविका त्या डोहावर आहे, त्यांना विश्वासात घेऊनच असा ठराव व्हावा. अन्यथा तो कागदावर राहील.

दुसरे काम फलकाचे. पाण्याच्या काठी पाणी कोणाच्या ताब्यात आहे, परवानगी कोणाकडे मागावी, मासेमारी कोणत्या महिन्यांत करू नये, कोठे खोल खड्डे आहेत आणि अडचणीत कोणास कळवावे, एवढी माहिती ठळक अक्षरांत लिहिलेली असावी. नुसत्या ‘सावधान’ या शब्दाने कोणी थांबत नाही. कारण कळले तर थांबण्याची शक्यता वाढते.

तिसरे काम शिक्षकांचे. माध्यमिक शाळा व महाविद्यालये दर महिन्यास एकाच ठिकाणची नोंद ठेवू शकतील : पाण्याचे तापमान, पाण्याचा रंग व गढूळपणा, दिसलेल्या वा पकडलेल्या माशाचे स्थानिक नाव, त्याची लांबी, अंडी होती की नव्हती. एका वर्षाची नोंद फार काही सांगत नाही. दहा वर्षांची नोंद नदीची कुंडलीच मांडते. मळ्या कोणत्या वर्षी दिसेनासा झाला, चिलापी प्रथम कधी आला, कोणत्या महिन्यात मासे मेलेले आढळले, याची उत्तरे मत्स्यव्यवसाय व प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणांनाही उपयोगी पडतील.

कामशेतच्या पुलावरून दिसणाऱ्या पाण्यात आज गळ टाकणारा तरुण उद्या शिक्षक, अधिकारी वा सरपंच होणार आहे. नदीचा मासा कधी धरावा आणि कधी सोडावा, हे त्यास आज उमगले, तर पाण्याविषयीचे निर्णय घेताना ते ज्ञान त्याच्या कामी येईल. त्याची सुरुवात आषाढात गळ घरी ठेवण्यापासून व्हावयास हवी.